एक क्रेडिट कमी

हॅल्विक, मिनेसोटा
९ फेब्रुवारी २०२२

प्रिय लव्हॉन,

फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस, उरलेल्या अर्ध्यात तुझा टीव्ही बोलत असतो. म्हणून हे पत्र.

आधी चांगली बातमी. येत्या मे महिन्यात मला बी.ए.ची पदवी मिळायची आहे. हसू नकोस. १९७२ साली तू आणि मी, दोघी बहिणींनी, एकाच दिवशी कॉलेजात नाव घातलं होतं. तू दिवसाची विद्यार्थिनी, मी ऑफिसात कारकून आणि संध्याकाळी एखाद्या वर्गात मागच्या बाकावर. तसा एकेक वर्ग करत करत पन्नास वर्षांत माझी एकशेवीस क्रेडिट भरली. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची क्रेडिट मोजली, कुणाची पदवी पुरी झाली नि कुणाची नाही ते ठरवलं. आता निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तर म्हटलं आपलीही मोजून घ्यावीत.

अडचण लहानशी आहे. माझ्या खुर्चीवर आता माय ली व्हांग नावाची मुलगी बसते. मीच तिला शिकवलं. तिच्या कॉम्प्युटरनं सांगितलं की संख्या भरली आहे, पण एक अट भरलेली नाही. बी.ए.च्या आधी दोन वर्षांची पदवी पुरी हवी, आणि माझ्या त्या पदवीत एक क्रेडिट कमी आहे. नियम असा की ज्या वर्षी नाव घातलं त्या वर्षीच्या कॅटलॉगमधल्या, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातल्या, अटींप्रमाणे हिशेब करता येतो. पण तो छापील कॅटलॉग आपण आणून दाखवायचा. कॉलेजात जुना एकही उरलेला नाही. तळघरात पाणी शिरलं होतं, त्यात सगळे गेले.

तुझ्याकडे १९७२–७४ चा असेल. तू काही फेकत नाहीस. मला फक्त पान ४३ हवं आहे. ते कापून पाकिटात घालून पाठव, बाकीच्याची गरज नाही.

ऑर्विलच्या थडग्यावरचा बर्फ कुणी काढतं का? मुलांना सांग.

तुझी,
आर्डिस


ओर्डाल
१७ फेब्रुवारी

प्रिय आर्डिस,

हसू नकोस म्हणालीस तिथेच मी हसले. आर्डिस ट्वेटनला एक क्रेडिट कमी! अगं, तू ज्या पोरांना परत पाठवलंस ना, त्यांचं सगळ्यांचं मिळून एक गाव वसेल. नेल्सनांच्या जुळ्यांपैकी एकाला पदवी दिलीस आणि दुसऱ्याला अर्ध्या क्रेडिटसाठी बसवलंस. त्यांच्या आईनं एकच केक केला होता, तो निम्मा कापून ठेवला म्हणे. आठवतं?

त्या माय लीला माझा नमस्कार सांग. तुला शिष्या चांगली मिळाली.

कॅटलॉग आहे. पण मला एक सांग. पन्नास वर्षांनी तुला पानाचा नंबर कसा पाठ? मला नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, सूनबाई फोन करून आठवण देते. त्रेचाळीसवर असं काय आहे?

थडग्यावरचा बर्फ मीच काढते. ऑर्विलला सवय आहे, तो जिवंत होता तेव्हाही आमच्या दारातला बर्फ मीच काढायचे.

लव्हॉन


हॅल्विक
२३ फेब्रुवारी

प्रिय लव्हॉन,

नंबर लक्षात राहणं हा माझा धंदा होता. तुला नाही का, शाळेच्या स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये तीनशे पोरांची हॉटडिश शिजवायला किती बटाटे लागतात ते पाठ?

तुला सांगायला हरकत नाही. मला जे क्रेडिट कमी आहे ते शारीरिक शिक्षणाचं. मला अंधुक आठवतं की त्या पानाच्या तळाशी कवायतीच्या बँडबद्दल काहीतरी टीप होती. दोन सत्रं बँडमध्ये वाजवलं तर शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट धरावं, असं काहीसं. मी दोन सत्रं झांजा वाजवल्या होत्या. नक्की आठवत नाही, म्हणूनच पान हवं.

१९७४ ची गोष्ट उकरून काढायची माझी इच्छा नाही. तुझीही नसावी.

मात्र जरा घाई कर. गाऊन आणि टोपी आली आहे. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, आणि बायकांनी तळघरातला हॉल सजवायचा ठरवलाय. सत्तर वर्षांच्या बाईनं आता ‘अजून एक क्रेडिट राहिलंय’ असं सांगायचं म्हणजे माझीच भाषा माझ्याच तोंडावर.

आर्डिस


ओर्डाल
५ मार्च

प्रिय आर्डिस,

पार्सल सोबत पाठवते आहे. पान कापायला कात्री घेतली होती, पण धीर होईना. पुस्तक कापायचं म्हणजे ब्रेड गरम असतानाच कापण्यासारखं वाटतं. अख्खाच कॅटलॉग घे.

मी आत काय लिहिलंय ते पाहिलं नाही. अक्षर बारीक आहे आणि माझा चष्मा कुठे असतो ते त्यालाच माहीत.

१९७४ म्हणशील तर तूच काढलंस, मी नाही. मला एवढंच आठवतं की मे महिन्यात तू काउंटरच्या पलीकडे उभी होतीस, केस वर बांधून, आणि म्हणालीस, “लव्हॉन, तुझं शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट कमी आहे. दुसऱ्या कुणाला जे सांगितलं असतं तेच तुला सांगते.” मी म्हटलं, “आर्डिस, मी दोन वर्षं रविवार सोडून रोज ट्रॉम्बोन घेऊन त्या मैदानाला फेऱ्या मारल्या.” तू म्हणालीस, “फेऱ्यांचं क्रेडिट नसतं.” विद्यापीठानं माझी जागा सप्टेंबरपर्यंत धरून ठेवली होती, पदवीचा कागद नसल्यामुळे ती गेली. मी शिक्षिका व्हायची होते, त्याऐवजी शाळेच्या जेवणघराच्या खिडकीतून पोरांना पळीनं वाटाणे वाढले. शाळेत मात्र बत्तीस वर्षं गेलेच की.

बाबा मरेपर्यंत म्हणायचे, “एकीनं दुसरीचं दार लावलं.” मी त्यांना गप्प बसा म्हणायचे. कधी कधी म्हणायचे.

लव्हॉन


हॅल्विक
१३ मार्च

लव्हॉन,

पार्सल मंगळवारी मिळालं. आज रविवार आहे. मधले दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस.

टीप आहे. पान ४३, अगदी तळाशी, मला आठवत होती तशीच. ‘कवायतीच्या बँडमध्ये सलग दोन सत्रं भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट मिळालं असं धरण्यात येईल.’ मी कॉलेजच्या आवारात गाडीत बसून पुन्हा पुन्हा वाचलं. आणि मग, सवय वाईट असते, मी पान उलटलं. टीप तिथे संपत नव्हती. ४४ वर आणखी एक ओळ आहे. ‘ही सवलत फक्त पूर्ण वेळ शिकणाऱ्यांस लागू.’

मी पूर्ण वेळ कधीच नव्हते. तू होतीस.

तू नुसतं ४३ पाठवलं असतंस तर मला कळलंच नसतं आणि माय लीलाही नाही. मी गाडीत वीस मिनिटं बसून होते, हीटर चालू ठेवून. ४४ फाडायला दोन बोटं पुरली असती. जुना कागद आहे, आपोआप सुटला म्हणता आलं असतं.

आता जे लिहिते ते तोंडानं मला कधी सांगता आलं नसतं. तळघरात पाणीबिणी काही शिरलं नव्हतं. १९७५ च्या वसंतात एका ड्रमवाल्या पोराचा अर्ज तपासताना मी ही टीप पहिल्यांदा वाचली, ४३ पुरतीच. तुला परत पाठवून वर्ष झालं होतं. तुझं ऑर्विलशी लग्न झालं होतं, डेव्हिड पोटात होता. नियमानं वागल्याचा मला एवढा ताठा होता, आणि मला नियमच माहीत नव्हता! तुला सांगायचं म्हणून मी ईस्टरला ओर्डालला आले. तू दारात उभी होतीस, पोटावर पीठ लागलेलं. मी म्हटलं, “मी भांडी घासू का?” आणि भांडी घासून परत आले.

१९८६ मध्ये ऑफिस हलवलं तेव्हा जुने कॅटलॉग मी स्वतः बॉयलरच्या खोलीत नेले. एकही ठेवला नाही.

तुझ्या प्रत्येक बाळंतपणाला मी तीन तीन आठवडे येऊन राहिले, बाबांचं शेवटचं आजारपण एकटीनं केलं, ते माझ्याशी धड बोलत नसताना केलं. लोक म्हणाले, आर्डिस किती मायाळू. माया कसली? फेड होती.

वीस मिनिटांनी मी गाडीतून उतरले आणि अख्खा कॅटलॉग माय लीच्या टेबलावर ठेवला. तिनं ४३ वाचलं, मग पान उलटलं. मी शिकवलंय तिला. म्हणाली, “आर्डिस मॅडम, तुम्हाला नाही लागू होत हे. वाईट वाटतं मला.” मी म्हटलं, “वाईट वाटून घ्यायचं क्रेडिट नसतं. दुसऱ्या एका नावाचा अर्ज भरायचा आहे.”

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. तू करावीस असं मला वाटत नाही.

आर्डिस


हॅल्विक
१८ एप्रिल

प्रिय लव्हॉन,

महिना झाला, तुझं पत्र नाही. फोन तू उचलत नाहीस. डेव्हिडला विचारलं, तो म्हणाला आई ठीक आहे, नुसती फिरत असते घरात. मला समजतं. मीही तुझ्या जागी असते तर उत्तर दिलं नसतं.

पण कळवणं माझं काम आहे. समितीनं गुरुवारी मंजूर केलं. लव्हॉन ट्वेटन बाक्के, दोन वर्षांची पदवी, सर्व अटी पूर्ण, मे १९७४ पासून. माय लीनं तुझं जुनं गुणपत्रक काढलं. इतिहासात ‘ए’ होता तुला, माहीत होतं का? पदवीचा कागद टपालानं येईल. समारंभाला यायचं असेल तर चौदा मेला ये. माझा गाऊन तुला होईल, बाही जरा लांब पडेल.

मी त्या दिवशी चर्चच्या हॉलमधल्या पताका उतरवत असेन. बायकांना सांगून टाकलं. त्यांनी केक रद्द केला नाही, म्हणाल्या ईस्टरनंतर कुठल्याही कारणानं केक चालतो.

आर्डिस


ओर्डाल
३ मे

प्रिय आर्डिस,

कागद आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडा ठेवलाय आणि मी त्याच्याभोवती फिरते आहे. डेव्हिडनं बरोबर सांगितलं.

तुझं मार्चचं पत्र मी किती वेळा वाचलं असेल! दर वेळी उत्तर लिहायला बसले आणि फाडलं. तू मला इतकं वाईट वाटायला लावलंस की तुझ्यावर रागावताच येईना, आणि तोच खरा राग होता.

ऐक. मी चष्मा घालूनच पार्सल बांधलं होतं.

तू १९७५ मध्ये टीप वाचलीस. मी १९७४ च्या जुलैत वाचली. मे महिन्यात तू मला परत पाठवलंस, मी दोन महिने रडले, आणि एका दुपारी तुला चुकीची ठरवायचीच म्हणून कॅटलॉग घेऊन पोर्चवर बसले. चौथ्या वाचनात ती सापडली. ४४ सुद्धा वाचलं. जागा सप्टेंबरपर्यंत राखलेली होती. सहा आठवडे हातात होते. मला फक्त बसमध्ये बसून हॅल्विकला यायचं होतं आणि तुझ्या काउंटरवर बोट ठेवायचं होतं.

मी नाही आले.

पुढे लोकांना वाटलं ऑर्विलसाठी. ऑर्विललाही तसंच वाटलं, बिचारा पंचेचाळीस वर्षं त्यावर खूश होता. पण ऑर्विल तेव्हा मला दोन वेळा भेटला होता फक्त, त्यातली एक वेळ तो माशांबद्दल बोलला. खरं असं की मी घाबरले होते. मी बसनं एकदा विद्यापीठ बघून आले होते. एकेक वर्ग आपल्या चर्चएवढा. मुली एकमेकींशी अशा बोलत होत्या की जणू त्यांनी सगळी पुस्तकं आधीच वाचली आहेत. मला वाटलं, मी तोंड उघडलं की सगळ्यांना कळेल ही कुठून आली ते. तेवढ्यात तू म्हणालीस, एक क्रेडिट कमी. आर्डिस, माझ्या छातीवरचा दगड उतरला. रडले ते खरंच, पण आधी दगड उतरला.

बाबा तुला बोलायचे तेव्हा मी समोर बसलेली असायचे. एका वाक्यात त्यांना गप्प करता आलं असतं. नाही केलं. तू बाळंतपणाला यायचीस, भांडी घासायचीस, रात्री उठून पोरांना घ्यायचीस, आणि मला वाटायचं की ही मायेनं करते, मग कशाला सांगू? कधी कधी वाटायचं की हिला जरा बोचत असेल, तर बोचू दे, मोठी आहे. मला कुठे माहीत की तुला कशाबद्दल बोचतंय!

म्हणजे तू माझ्यापासून लपवलंस आणि मी तुझ्यापासून, आणि लपवलं दोघींनी एकच पान. तू तुझ्या प्रती जाळल्यास, मी माझी सांभाळून ठेवली. का ठेवली, विचारू नकोस. मला नीट सांगता येणार नाही.

समारंभाला येत नाही. पाय दुखतात.

लव्हॉन


हॅल्विक
९ मे

लव्हॉन,

पत्र मिळालं. सध्या उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नाही.

आ. ट्वेटन


हॅल्विक
२७ जून

प्रिय लव्हॉन,

सात आठवडे मी रागावलेली होते. व्यवस्थित रागावले, रोज सकाळी उठून. अठ्ठेचाळीस वर्षं मी ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगली त्यातला निम्मा गुन्हा तुझा निघाला. बाबांच्या थडग्यापाशी जाऊन मोठ्यानं सांगून आले. शेजारच्या थडग्यावर फुलं ठेवणारी बाई घाबरून निघून गेली.

मग एका सकाळी राग येईना. तुझं पत्र पुन्हा काढलं तर डोळ्यांसमोर तू नाहीस, पोर्चवरची वीस वर्षांची मुलगी आली. तिला मी कधी विचारलंच नव्हतं, “तुला जायचं आहे ना?” मी अटी तपासल्या. कामच ते.

आता माझी खबर. उन्हाळी सत्रात मी शारीरिक शिक्षणाला नाव घातलं. पाण्यातला व्यायाम, एक क्रेडिट, सोमवार आणि गुरुवार. वर्गात एकोणीस वर्षांची हॉकीची पोरं आहेत, गुडघे दुखावलेली. ती मला ‘कप्तान’ म्हणतात. पोहण्याच्या टोपीत मी कशी दिसते ते आरशानंच पाहिलंय, तू पाहू नकोस. पण गंमत सांगते, मी एकदाही गैरहजर नाही, आणि पाण्यात मला माझं वजन लागत नाही. ऑगस्टमध्ये पदवी मिळेल. समारंभ नाही, टपालानं. केक फ्रीझरमध्ये ठेवलाय म्हणतात.

आणखी एक गोष्ट केली आहे. तू ओरडशील. दोन वर्षांची पदवी हातात असलेल्याला राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश द्यावाच लागतो, असा नियम आहे. या वेळी तो मी तीनदा वाचला, पुढची पानंही उलटून पाहिली. तुझ्या नावाचा अर्ज मी भरला. सही तुझी लागेल. मी तुझी सही करू शकले असते, पण मी आता तसलं काही करत नाही. फॉर्म सोबत आहे.

जायचं नसेल तर जाऊ नकोस. पण या खेपेला ‘नको’ असं तू म्हण.

आर्डिस


(पोस्टकार्ड)
ओर्डाल, ५ जुलै

आर्डिस, तुझं डोकं पाण्यात जास्त वेळ राहिलंय. मी अडुसष्ट वर्षांची आहे, माझी टोमॅटोची रोपं आहेत, आणि सप्टेंबरात वर्षभराचे टोमॅटो बाटल्यांत भरायचे असतात. अर्ज कचऱ्यात टाकला आहे. ल.


ओर्डाल
२४ ऑगस्ट

प्रिय आर्डिस,

तुझ्या पदवीबद्दल अभिनंदन. डेव्हिडनं फोटो दाखवला. फ्रीझरमधल्या केकला असा तडा जातो हे मला आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

अर्ज कचऱ्यातून काढला होता. त्यावर कॉफीचा डाग पडलाय असं आधीच सांगून टाकलं त्यांना.

काल नवीन विद्यार्थ्यांचा दिवस होता. पहाटे निघाले, चाळीस मैल, दोन्ही बाजूंना मका माणसाच्या डोक्यावर गेलेला. गाडी लावली आणि उतरलेच नाही. काचेतून पाहत होते. मुली तशाच आहेत गं, तशाच बोलतात, फक्त आता फोनशी बोलतात. पाय खरंच दुखत होते. तेवढ्यात एका मुलीनं काचेवर टकटक केली. आईवडील तिला सोडून गेले होते, डोळे लाल, हातात नकाशा. म्हणाली, “मॅडम, तुम्ही इथे शिकवता का? नोंदणी कुठे असते?” मी म्हटलं, “शिकवत नाही. मलाही तिथेच जायचंय.” मग गाडीतून उतरावं लागलं. तिनं माझा हात धरला की मी तिचा, ते आता सांगता येणार नाही. दोनदा चुकलो. एकदा मुलांच्या अंघोळीच्या खोलीपर्यंत गेलो.

नोंदणीच्या टेबलावर डेव्हिडच्या मुलाएवढा एक कारकून होता. सगळं कॉम्प्युटरवर भरून घेत होता. नाव, पत्ता, तुमची साठ क्रेडिट मान्य, इतिहास विषय, ठीक आहे. मग त्यानं विचारलं, “मधे शिक्षण थांबलं त्याचं कारण?”

आर्डिस, या प्रश्नाचं उत्तर मी बाबांना दिलंय, ऑर्विलला दिलंय, मुलांना दिलंय, शाळेच्या स्वयंपाकघरात तर इतक्यांदा दिलंय की बायका माझ्याआधी म्हणायच्या, ‘हिच्या बहिणीनं.’ काल ते तोंडातून निघेना. मागे रांग होती. ती नकाशावाली मुलगी शेजारच्या टेबलाशी होती आणि ऐकत होती.

मी म्हटलं, “भीती वाटली.”

त्यानं वर पाहिलं. हसला नाही, चांगलं वळण आहे. म्हणाला, “आजी, इथे भीती घेत नाही. चारच पर्याय आहेत. कुटुंब, प्रकृती, पैसा, इतर.”

मी चारही पर्याय बोटांवर मोजले. रांगेतल्या एकानं खोकून दाखवलं. मग म्हटलं, “इतर लिही.”

मंगळवारपासून वर्ग सुरू.

लव्हॉन